मदत हवी आहे: पेंडलटन कायद्यानंतर पक्षांचा पैसा कुठून आला?

एम.ए.च्या सेमिनारसाठी अमेरिकेच्या १८८३ च्या पेंडलटन कायद्यावर (केंद्रीय नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेने देण्याचा कायदा) लिहितेय. पार्श्वभूमी झाली आहे: सरकारी पद न मिळालेल्या गिटोने जुलै १८८१ मध्ये अध्यक्ष गारफिल्डवर गोळ्या झाडल्या आणि न्यूयॉर्क कस्टम हाउसच्या (जकात कार्यालयाच्या) वशिलेबाजीत वाढलेल्या, गारफिल्डनंतर अध्यक्ष झालेल्या चेस्टर आर्थरनेच पुढे या कायद्यावर सही केली (कादंबरीत हे कुणी पटवून घेतलं नसतं). परीक्षेने भरती सुरुवातीला जेमतेम १० टक्के केंद्रीय नोकऱ्यांनाच लागू होती, तेही लिहून झालंय.

अडलंय ते पैशावर. आधी सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून पक्षासाठी ठरावीक टक्के वर्गणी उकळली जायची. कायद्याने ती सक्ती बंद केली. १८९६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा प्रचारप्रमुख मार्क हॅनाने अध्यक्षपदाचा उमेदवार मॅकिन्लेसाठी बँका-कंपन्यांकडून पैसा उभा केला, त्यावर भरपूर मिळालं. मधली १३ वर्षं कोरी आहेत. सिव्हिल सर्व्हिस कमिशनचे (या परीक्षा घेणारा केंद्रीय आयोग) वार्षिक अहवाल चाळले, पण त्यांचा सगळा भर परीक्षांवर.

टॅमनी हॉल (न्यूयॉर्क शहरातली डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना) नको, फक्त केंद्राच्या पातळीवरचं हवं. इंग्रजी चालेल, पण मोफत वाचता येणारं. १८८४ किंवा १८८८ च्या निवडणुकीत उद्योगपतींनी पक्षांना पैसे दिल्याची पत्रं किंवा हिशेब कुठे बघायला मिळतील?