फवारणीची विषबाधा : अभ्यास फवारणाऱ्याचा व्हावा की कीटकनाशकाचा?

वऱ्हाडकर (चर्चाप्रस्ताव)

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना आठशेच्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, हवा दमट होती, गुलाबी बोंडअळीने शेतकरी हवालदिल झाले होते आणि एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशके मिसळून फवारली जात होती. शासनाच्या विशेष तपास पथकाने या मिश्रणांवर आणि संरक्षक साधनांच्या अभावावर बोट ठेवले. त्याचबरोबर मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर बंदी घालण्याची शिफारसही केली. यातला पहिला भाग ताबडतोब उचलला गेला. मास्क-हातमोज्यांचे संच वाटले गेले, जनजागृतीचे रथ गावोगाव फिरले. दुसऱ्या भागासाठी, म्हणजे मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावरील केंद्राच्या बंदी आदेशासाठी, २०२३ उजाडावे लागले. भाजीपाल्यावर हेच कीटकनाशक वापरण्यास २००५ पासून मनाई होती आणि २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात याच विषाने दूषित झालेले शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मरण पावली होती, हे लक्षात घेतले तर त्याच्या विषारीपणाविषयी कोणाला शंका होती असे म्हणता येत नाही.

माझा आक्षेप संशोधनाच्या दिशेवर आहे. आपल्याकडे या विषयावर होणारे बरेचसे अभ्यास प्रश्नावलीचे असतात. तुम्ही हातमोजे घालता का, बाटलीवरील माहितीपत्रक वाचता का, वाऱ्याची दिशा पाहता का, फवारणीनंतर आंघोळ करता का, असे विचारायचे, उत्तरांची टक्केवारी काढायची आणि शेवटी ‘प्रबोधनाची गरज आहे’ असे लिहायचे. ज्या अभ्यासात फक्त वागणूक मोजली जाते, त्यात दोष वागणुकीतच सापडणार. पदार्थाचे विषारीपण, त्वचेतून शरीरात जाणारी मात्रा, पंपाची गळती, मजुरी ठरवण्याची पद्धत यांतले काही मोजलेच नाही, तर त्यांचा दोष कोणत्या तक्त्यात येणार?

कारखान्यातील धोक्यांविषयी जगभर मान्य असलेला क्रम असा आहे की आधी धोकादायक पदार्थ काढून टाका, ते जमत नसेल तर कमी घातक पर्याय आणा, मग यंत्रात सुधारणा करा, त्यानंतर कामाची पद्धत बदला आणि सर्वांत शेवटी कामगाराच्या अंगावर कवच चढवा. शेतात आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशक-आचारसंहितेत तर स्पष्ट म्हटले आहे की ज्या कीटकनाशकांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत टाळावीत. ऑक्टोबरच्या उन्हात यवतमाळला अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालून चार तास फवारणी करता येते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा करून पाहावी.

कृषिपदवीधर

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे माझा हितसंबंध आधीच सांगून टाकतो. प्रस्तावातील मांडणी आकर्षक आहे, परंतु तिच्यात एक मोठे छिद्र आहे. मोनोक्रोटोफॉस देशभरातल्या कपाशीवर अनेक दशके फवारले गेले. पदार्थ हेच मूळ कारण असते तर दरवर्षी आणि सर्वत्र यवतमाळ घडायला हवे होते. २०१७ मध्ये बदलले ते काय? पिकाची उंची, हवेतील दमटपणा, किडीचा जोर, आणि त्यापायी घाबरून केलेली मिश्रणे. म्हणजे परिस्थिती आणि वापर बदलला. मग वापराचा अभ्यास करणे चुकीचे कसे ठरते? दोन संयुगे शिफारशीशिवाय एकत्र केल्यावर काय होईल याची जबाबदारी कोणताही उत्पादक घेऊ शकत नाही. मी स्वतः लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी औषधाची, बाटली देताना समजावून सांगतो आणि समोरचा माणूस ‘शेजाऱ्याने काय नेले तेच द्या’ म्हणतो.

दुसरे, बंदीचा परिणाम मोजल्याशिवाय बंदी मागणे हेही अशास्त्रीयच आहे. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशके यांची आयात सरसकट थांबवली, उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्याकडे नोंदणीकृत औषध बंद झाले की बिनबिलाचे, बनावट औषध येते. त्यावर कोणताच त्रिकोण नसतो.

रुग्णालयातून

मी ग्रामीण भागात वैद्यकीय सेवा करतो. श्रीलंकेचे उदाहरण अर्धेच दिले गेले आहे. त्याच देशाने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, आणि १९९८ मध्ये एन्डोसल्फान, अशी निवडक अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली. पुढील दशकभरात तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले आणि शेती उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचे आढळले नाही. सरसकट बंदी आणि निवडक बंदी यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. मात्र वऱ्हाडकरांनीही या आकडेवारीचा आधार घेताना जपून राहावे, कारण ती जाणूनबुजून विष घेतलेल्यांची आहे. फवारणी करताना त्वचेतून थोडेथोडे विष जाणाऱ्या माणसाविषयी ती थेट काही सांगत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मोनोक्रोटोफॉस ज्या गटात मोडते त्या ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषामुळे शरीरातील कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी होते. लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, छातीत कफ दाटतो, श्वास अडकतो. अॅट्रोपिन हा उतारा वेळेवर आणि पुरेसा दिला तर माणूस वाचू शकतो. रक्तातील या विकराची पातळी मोजता येते, पण निरोगी माणसामाणसांत ती इतकी वेगवेगळी असते की एकदाच घेतलेल्या आकड्यावरून फारसे कळत नाही. हंगामापूर्वीची त्याच माणसाची पातळी ठाऊक असावी लागते. कॅलिफोर्नियात १९७४ पासून शेतात कीटकनाशके हाताळणाऱ्यांची अशी पूर्वपातळी घेतली जाते आणि लाल पेशींतील पातळी तिच्या ७० टक्क्यांपर्यंत उतरली की त्या माणसाला त्या कामावरून बाजूला केले जाते. आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही हाताळणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. परंतु आज एकाच्या आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या रोजंदार माणसाची पूर्वपातळी कोण घेणार, याचे उत्तर त्या नियमांत मला तरी दिसत नाही.

याहून गंभीर बाब अशी की यवतमाळमध्ये वापरात असलेल्यांपैकी डायफेन्थियुरॉन हे ऑर्गनोफॉस्फेट नाही. ते शरीरात गेल्यावर पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेवर घाला घालते. कोलिनएस्टरेजच्या चाचणीत ते सापडणार नाही आणि त्याला विशिष्ट उतारा नाही. म्हणजे सर्वांत परिचित चाचणी करूनही काही रुग्णांचे कारण कागदावर येत नाही. दाखल होताना सोबतच्या माणसाला बाटलीचे नाव आठवत नसेल, तर नोंद ‘अज्ञात विष’ अशीच होते. अशा नोंदींवर उभा राहिलेला कोणताही अभ्यास, मग तो वागणुकीचा असो वा पदार्थाचा, लंगडाच राहणार.

बारा एकर कोरडवाहू

येथे बोलणाऱ्यांत पंप पाठीवर घेतलेला कदाचित मी एकटाच असेन. आमच्याकडे फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. जितके पंप जास्त, तितके पैसे जास्त. असा मजूर वारा पडेपर्यंत थांबत नाही, नोझल अडकला तर तो तोंडाने फुंकतो आणि पाठीवरून द्रावण ठिबकत असले तरी पंप रिकामा झाल्याशिवाय खाली ठेवत नाही. कोणत्याही अभ्यासकाने मला आजवर मजुरीची पद्धत विचारलेली नाही. हातमोजे मात्र प्रत्येकाने विचारले. तेही बहुधा हिवाळ्यात, वेचणी सुरू झाल्यावर, कारण त्यांच्या अनुदानाचे वर्ष तेव्हा सुरू होत असावे.

तरीही मी बंदीच्या बाजूने नाही. बोंडअळी आली की माझ्याकडे चार-पाच दिवस असतात. तेवढ्यात स्वस्त औषध मिळाले नाही तर हंगाम जातो. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावणे, वेळेवर फरदड (हंगामानंतरही शेतात ठेवलेली कपाशी) काढून टाकणे हे मी करतो, पण शेजारच्या शेतात फरदड उभी असेल तर माझ्या सापळ्यांचा उपयोग काय? जो अभ्यास मला ‘हे वापरू नका’ एवढेच सांगतो आणि त्याऐवजी काय, किती रुपयांत, हे सांगत नाही, तो माझ्यासाठी अपुरा आहे.

सांख्यिकीचा विद्यार्थी

कृषिपदवीधरांचा ‘मग दरवर्षी का घडले नाही’ हा प्रश्न तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. एखाद्या परिणामासाठी पदार्थ आणि परिस्थिती दोन्ही लागत असतील, तर बदललेली गोष्ट परिस्थिती होती एवढ्यावरून पदार्थ निर्दोष ठरत नाही. शिवाय ‘दरवर्षी घडले नाही’ हे आपल्याला कशावरून ठाऊक आहे? फवारणीनंतर गरगरले, उलट्या झाल्या, घरी पडून राहिला, अशा माणसाची नोंद कोठेच होत नाही. ज्याला त्रास होतो तो ते काम सोडतो आणि ज्याला सोसते तोच पुढच्या वर्षीच्या पाहणीत भेटतो. व्यावसायिक आरोग्याच्या संशोधनातील हा जुना आणि मोठा सापळा आहे.

परंतु चांगले संशोधन झाले की प्रश्न मिटतो, असे वऱ्हाडकरांना वाटत असेल तर केरळमधील कासरगोडकडे पाहावे. तेथे काजूच्या मळ्यांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने पदरे गावातील ११७ मुलगे आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावातील ९० मुलगे तपासले. पदरेतील मुलग्यांमध्ये लैंगिक वाढ उशिरा होत असल्याचे आणि रक्तात एन्डोसल्फानचे अंश अधिक असल्याचे आढळले. तुलनेचे गाव होते, रक्ताचे नमुने होते, वागणुकीचा प्रश्नच नव्हता, कारण मुले फवारणी करत नव्हती. तरीही कृषी मंत्रालयाने नेमलेल्या समितीने संबंध सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला आणि देशव्यापी बंदीसाठी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. पुरावा किती हवा, हे विज्ञान एकटे ठरवत नाही. चूक झाली तर तिची किंमत कोणी मोजायची, यावर ते ठरते.

कृषिपदवीधर

कासरगोडच्या त्या अभ्यासावर पद्धतीविषयी गंभीर आक्षेप घेतले गेले होते, हेही नोंदवायला हवे होते. दोन गावांत फक्त एन्डोसल्फानचाच फरक होता असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. आणि ‘दोन्ही लागतात’ हे मला मान्य आहे. मग दोन्हींपैकी जे लवकर आणि कमी खर्चात बदलता येते ते आधी बदलावे, एवढेच माझे म्हणणे आहे. हातमोजा उद्या देता येतो. नोंदणी रद्द करायला केवढा काळ लागतो ते आपण पाहिलेच: २०१३ मध्ये समिती नेमली गेली, २०१५ मध्ये अहवाल आला, २०२० मध्ये २७ कीटकनाशकांचा मसुदा निघाला आणि २०२३ मध्ये त्यातल्या मोजक्यांवरच बंदी आली.

वऱ्हाडकर

विलंब झाला म्हणून विलंबाचेच समर्थन करणे मला पटत नाही. पश्चिम विदर्भात २०१७ च्या नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी काही दिवसांत घालता आली होती. इच्छा असेल तर आदेश निघतो. हंगाम मात्र तोवर संपत आला होता.

डॉक्टरांचे आणि बारा एकरवाल्या भाऊंचे म्हणणे एकत्र ठेवून मी माझी मागणी अधिक नेमकी करतो. कपाशीच्या दोन-तीन तालुक्यांत जूनमध्ये, फवारणी सुरू होण्याआधी, फवारणी करणाऱ्या मजुरांची पूर्वपातळी घ्यावी. काहींच्या अंगावर कपड्याच्या पट्ट्या लावून शरीराच्या कोणत्या भागावर किती द्रावण पडते ते मोजावे; जांघेतील आणि कपाळावरील त्वचेतून हाताच्या त्वचेपेक्षा कित्येक पटींनी अधिक विष आत जाते, आणि आपण वाटतो मात्र हातमोजे. मजुरी पंपामागे की दिवसामागे, हा रकाना प्रत्येक नोंदीत असावा. रुग्ण दाखल होताना बाटली सोबत आणणे बंधनकारक करावे. यवतमाळच्या पीडितांनी स्वित्झर्लंडमधील बाझलच्या न्यायालयात जो दावा दाखल केला आहे आणि जो संबंधित कंपनीला मान्य नाही, त्यातही शेवटी कोणत्या माणसाने कोणते औषध फवारले होते, याच प्रश्नावर सारे अडते.

कृषिपदवीधर

बाटलीच्या नोंदीला आणि जूनमधील तपासणीला माझा पाठिंबा आहे. विक्रेत्यांकडील बिलबुकही त्या अभ्यासासाठी खुले असावे, असे मी सुचवीन. निष्कर्ष येण्यापूर्वी आणखी नावे बंदीच्या यादीत घालण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

बारा एकर कोरडवाहू

बिलबुक खुले करणार असाल तर उधारीची वहीही करा. आमच्याकडे निम्मे औषध बिलावर जातच नाही.