स्थळ आणि कथानक
कथेत स्थळाचे तपशीलवार वर्णन आले की तिला प्रादेशिक रूप लाभते, या मताशी मी अंशतःच सहमत आहे. वर्णन हा स्थळाचा सर्वांत वरवरचा थर असतो; त्या ठिकाणचे राहणीमान माणसांना कोणते पर्याय देते आणि कोणते नाकारते, हे जेव्हा कथानकातून दिसू लागते, तेव्हाच स्थळ कथेत खऱ्या अर्थाने मुरते. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली 'बनगरवाडी' या दृष्टीने पाहावी. तेथील दुष्काळ केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही, तर मेंढरांवर जगणाऱ्या माणसांना वाडी सोडायला लावतो आणि निवेदक मास्तराच्या शाळेचे भवितव्यही तोच ठरवतो. हीच घटना बारमाही पाण्याच्या गावात नेली, तर कादंबरीचा शेवटच उरत नाही.

स्थळ नकाशावर असलेच पाहिजे, असेही नाही. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरची योक्नापाटॉफा कौंटी (म्हणजे जिल्हा) काल्पनिक आहे, परंतु ती मिसिसिपी राज्यातील त्याच्या परिचयाच्या लाफाएट कौंटीवर बेतलेली असल्याने जमिनीची मालकी, वंशभेद आणि घराण्यांची प्रतिष्ठा यांचे ताण तिच्यात आपोआप उतरतात.

बोलीविषयी एवढेच म्हणेन की संवादांत चार बोलीशब्द पेरून, निवेदन मात्र कोठेही चालेल असे ठेवणे ही (अलीकडे फार दिसणारी) सजावट आहे. पात्र कोणासमोर गप्प बसते आणि कोणाला अरेतुरे करते, यातून परिसराची उतरंड अधिक नेमकेपणाने कळते.