मदत हवी आहे: व्हिटा केंद्र, डिलिव्हरीची गाडी आणि घसारा

अमेरिकेत व्हिटा केंद्रांवर (कमी उत्पन्नाच्या लोकांची करविवरणपत्रं मोफत भरून देणारी केंद्रं) स्वयंसेवक म्हणून विवरणपत्रं भरणाऱ्यांना विचारतेय. एका कुटुंबाकडे एक डब्ल्यू-२ (नोकरीच्या पगाराचा फॉर्म) आणि डिलिव्हरीच्या कामाचा १०९९-एनईसी (स्वतंत्र कामाच्या मोबदल्याचा फॉर्म) आहे. कामाचा खर्च व्हिटाच्या ३५,००० डॉलरच्या मर्यादेत, तोटा नाही, मैलांची नोंदवहीही चोख. अडलंय ते गाडीवर. गाडी स्वतःची, पण कामाला लावली त्याच वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, पैसे घेऊन विवरणपत्र भरणाऱ्याने प्रत्यक्ष खर्च आणि मॅकर्स पद्धतीचा घसारा (गाडीच्या किमतीची वर्षावर्षाने वजावट) दाखवला. त्यामुळे त्या गाडीला आता प्रमाण मैलदर (दर मैलामागे ठरलेली वजावट) लावता येत नाही, आणि घसारा आपल्या व्हिटा स्वयंसेवकांच्या कक्षेबाहेर. गेल्या वर्षीचा ४५६२ (घसाऱ्याचा फॉर्म) हाती आहे. वजावट सोडून द्या म्हणणं अन्यायाचं वाटतं, कर आणि स्वयंरोजगार कर दोन्ही वाढतील. पुन्हा फी भरायला पैसे नाहीत. त्यांनी फ्री फाइलवर (कर खात्यामार्फत मिळणाऱ्या मोफत ऑनलाइन सेवा) स्वतः विवरणपत्र भरलं, तर मागच्या वर्षाचा घसारा पुढे आणता येणारी कुठली सेवा तुम्ही वापरली आहे?