औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेतला प्रामाणिक केमिस्टसुद्धा मागची तारीख का टाकतो?

वेर्णा_क्यूए:
गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत क्यूसीत (गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत) बसणारी बहुतेक मुलं-मुली सचोटीची. डेटा इंटिग्रिटीचं (नोंदी खऱ्या आणि पूर्ण ठेवण्याचं) ट्रेनिंग होतं, सह्याही होतात. तरी या धंद्यातल्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा तेच निघतं: मागच्या तारखेची नोंद, ‘टेस्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये आधीच चालवून पाहिलेलं सॅम्पल, हाताने इंटिग्रेट केलेला पीक (आलेखातल्या उंचवट्याच्या सीमा सोयीने आखून मोजलेलं क्षेत्रफळ). माणसं वाईट नसतील, तर हे येतं कुठून? आणि ट्रेनिंग वाढवण्यापलीकडे नक्की काय बदलायचं?

एचपीएलसी_कुंडई:
आधी वेळेचा हिशेब मांडा. एचपीएलसी यंत्रात नमुना एकदा सोडणं म्हणजे एक इंजेक्शन. इम्प्युरिटीची (औषधातली अशुद्धी मोजायची) मेथड इंजेक्शनमागे तासाभराची धरा. एक ब्लँक (औषध नसलेला द्रव), स्टँडर्डची (प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची) सहा इंजेक्शनं, सहा बॅचेसची प्रत्येकी दोन, मध्ये आणि शेवटी एकेक ब्रॅकेटिंग (यंत्र अजून बरोबर आहे का हे स्टँडर्डने पुन्हा बघणं). झाली २१ इंजेक्शनं, म्हणजे २१ तास. कॉलम (ज्या नळीत घटक वेगळे होतात ती) स्थिर व्हायचा वेळ वेगळा. प्लॅनिंगच्या शीटमध्ये क्यूसीला ‘१ दिवस’ दिला असेल, तर सगळं पहिल्या फटक्यात पास झालं तरच तो पुरतो. एक बॅच स्पेसिफिकेशनबाहेर गेली की ओओएस (अशा निकालाची चौकशी) उघडायचं, कारण शोधायचं, आणि महिनाअखेरीचं डिस्पॅच अडलेलं.

मग अधिकृत सिक्वेन्सच्या (नोंदीत जाणाऱ्या इंजेक्शनांच्या मालिकेच्या) आधी एक इंजेक्शन ‘बघून घेतलं’ जातं. करणाऱ्याला ती फसवणूक वाटतच नाही, खबरदारी वाटते. गोम इथे आहे. नापास निकाल नोंदीत येण्याआधीच गायब होतो, ज्या चौकशीतून प्रक्रियेतला दोष कळला असता ती होतच नाही, आणि भोगतो तो गोळी घेणारा रुग्ण.

करायचं काय: सॉफ्टवेअरचे ॲडमिन हक्क क्यूसीकडून काढून आयटीकडे द्या, घड्याळ बदलायचा हक्कसुद्धा. बॅच सोडण्याआधी दुसऱ्या माणसाने ऑडिट ट्रेल (कुणी कधी काय बदललं याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद) वाचायचा. सॉफ्टवेअरमधली इंजेक्शनं, इन्स्ट्रुमेंटचं लॉगबुक आणि कॉलमची नोंदवही, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. कोऱ्या वर्कशीट क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) क्रमांक घालून मोजून द्यायच्या आणि खराब झालेलीही परत घ्यायची. मागची तारीख टाकायला मोकळा कागद लागतो, तो हाताशी राहत नाही.

पणजी_ऑडिट:
वरचं सगळं करून बोनस मात्र ‘शून्य डेव्हिएशन’वर (ठरलेल्या पद्धतीपासून एकदाही न ढळण्यावर) ठेवलात तर डेव्हिएशन लपतीलच. किती उघडली हे मोजू नका, घडल्यापासून किती तासांत नोंदवली ते मोजा.

डिचोली_मायनिंग:
दुसरं कारण म्हणजे जबाबदारीचे तुकडे. खाणींचंच बघा. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोव्यातल्या खाणींच्या लीज (भाडेपट्टे) २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्या होत्या आणि नंतरचं उत्खनन बेकायदा होतं. या कामात सगळेच निर्दोष होते असं मी म्हणत नाही. पण चलन बघणारा चलन बघतो, वजन करणारा वजन, आणि लीज जिवंत आहे का हे विचारणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसेल तर सज्जन माणसांच्या सह्यांनीही चुकीचं काम वर्षानुवर्षं चालतं. तुमच्याकडे बॅच रेकॉर्डवर पाच सह्या असतील, तर प्रत्येक सहीखाली ‘मी काय तपासलं’ हे एका वाक्यात छापून घ्या.

वेर्णा_क्यूए:
सगळ्यांचे आभार. ॲडमिन हक्कांचं पटतं. पण रिलीजच्या बैठकीत प्लांटहेड समोर असताना ज्युनिअर बोलणार कसा?

एचपीएलसी_कुंडई:
ताई, तिथे प्रश्न कसा विचारला जातो ते बघा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री थायोकॉल या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत चॅलेंजर हे अवकाशयान उडवू नका, ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी) दगा देतील. तेव्हा त्यांच्याकडूनच धोक्याचा पुरावा मागितला गेला. इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला वरिष्ठाने इंजिनिअरची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितली. दुसऱ्या दिवशी यानातले सातजण गेले. म्हणून एसओपीतच (कामाच्या लेखी पद्धतीत) लिहा: बॅच सोडा म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा, थांबवा म्हणणाऱ्याने फक्त शंका नोंदवायची. सर्वांत ज्युनिअरने आधी बोलायचं, प्लांटहेडने शेवटी. शेवटचा निर्णय क्यूएचा, आणि त्या क्यूएचं अप्रेझल प्लांटहेडकडे नको.