मदत हवी आहे: रोज दोन पानं लिहिणं कुणाला जमलंय का?

अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांनी तुल्सा शहरातल्या आपल्याच शाळेतल्या दोन गटांचं वैर पाहून पंधरा-सोळाव्या वर्षी ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी लिहिली. १९६७ मध्ये ती छापताना, बाईचं नाव बघून समीक्षकांनी नाक मुरडू नये म्हणून प्रकाशकांनी नुसती आद्याक्षरं टाकली. पुढे लिखाण ठप्पच झालं, तेव्हा मित्राने (नंतर तोच नवरा!) रोज दोन पानांची अट घातली आणि १९७१ मध्ये दुसरी कादंबरी आली.

मला असा मित्र नाही, नोकरी मात्र आहे. नववीतल्या मुलांवरची माझी कादंबरी चौथ्या प्रकरणात अडकलीये. दोन पानांचा नेम कुणी खरंच पाळलाय का? आणि स्वतः पुस्तक काढलेल्यांनो, शाळेत वाचन ठेवलं की प्रती खपतात, की नुसत्या टाळ्या?