कोकणकन्या पहाटे उतरवते, रात्री परत नेते: मधल्या दिवसात फोर्ट कसा पाहिलात?

कणकवली (धागा काढणारा)

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन मुंबईला जायचंय. बाबांचं पेन्शनचं काम आहे फोर्टात, तासाभराचं. कोकणकन्या पावणेसहाच्या सुमारास सीएसएमटीला सोडते आणि रात्री अकराला तिथूनच निघते. म्हणजे सतरा तास हातात. आजवर आम्ही अशा वेळी दादर नाहीतर ठाण्याच्या नातेवाइकांकडे जाऊन आडवे व्हायचो. या वेळी फोर्टच बघू म्हणतोय. बाबा बाहत्तरचे, आईचे गुडघे धड नाहीत. 'दहा प्रेक्षणीय स्थळे' छापाच्या याद्या वाचून झाल्यात, त्या नकोत. तुम्ही स्वतः कुठे चाललात, कुठे बसलात, कुठे फसलात ते सांगा.

माझ्यापासूनच सुरू करतो. आपण कोकणवाले लांबच्या गाडीने उतरतो, तसेच डिमेलो रोडच्या बाजूने बाहेर पडतो आणि टॅक्सी धरतो. त्यामुळे या स्टेशनात मी निदान चाळीस वेळा उतरलो असेन, पण इमारतीचं तोंड काही पाहिलं नव्हतं. घराच्या मागल्या दाराने ये-जा करणाऱ्या गड्यासारखं झालं होतं. गेल्या वर्षी टॅक्सी मिळेना म्हणून चालत पुढे आलो आणि महापालिकेसमोर उभा राहिलो. नुकतं उजाडत होतं. स्टेशनच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, एक विलायतेचा आणि एक आपला. भिंतींवर कोरलेले प्राणी आणि पानं बघत किती वेळ गेला कळलं नाही. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. मागे वळून महापालिकेची इमारत पाहिली तर तीही त्याचीच, १८९३ ची. एका माणसाने रस्त्याच्या दोन्ही कडा बांधून ठेवल्यात. सात वाजले की बसगाड्यांची रांग लागते आणि मग मान वर करायला जागा उरत नाही, म्हणून पहाटेच बघा.

राजापूर

माझा फोर्ट म्हणजे हायकोर्ट. काजूच्या बागेतल्या सामायिक वाटेवरून आमचा दावा चाललाय. वडिलांच्या वेळचा आहे, आता मी बघतो. तारखेला जायचं, पुकारा व्हायची वाट बघत बसायचं आणि तीन वाजता वकील सांगणार, 'पुढली तारीख पडली.' असा बारा-तेरा वेळा गेलो, त्यामुळे ती इमारत मला पाठ झाली. १८७८ ची आहे. काळ्या दगडाचे जिने, उंच गॅलऱ्या, उन्हाळ्यातसुद्धा आत गार. आमच्या गावच्या जुन्या वाड्याच्या माजघरात असतो तसा गारवा.

एकदा वेळ घालवायला हिंडताना सेंट्रल कोर्टाबाहेरची टिळकांची पाटी दिसली. १९०८ चा राजद्रोहाचा खटला इथेच चालला. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. आता बघा, टिळक जन्मले रत्नागिरीत. आणि मंडालेच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ ला आणून ठेवला तोही रत्नागिरीत. तिथला राजा इथे, इथला पुढारी तिथे. थिबा पॅलेस लहानपणापासून बघत आलो, पण हे गणित डोक्यात बसलं ते त्या व्हरांड्यात, तारखेची वाट बघताना.

मागच्या अंगाला ओव्हल मैदान आणि शेजारीच विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदनी आईच्या नावाने दोन लाख दिले, बांधून झाला तोही १८७८ ला. मैदानाच्या कडेला झाडाखाली बसलं की एका बाजूला ही सगळी टोकदार गॉथिक मंडळी आणि समोर गोल गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ ला युनेस्कोने दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं. काकांना घेऊन इथे बसा. पोरं क्रिकेट खेळत असतात, तासभर कसा जातो समजत नाही.

एक सांगायचं राहिलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे दावे तिकडे गेले. घाट चढून जायचं, वेळ वाचतो, सोय झाली हे खरं. पण फोर्टात जायला आता मला कारण उरलेलं नाही. दावा अजून आहेच.

अलिबाग

तुम्ही सगळे ट्रेनवाले. आम्ही मांडव्याहून लाँचने येतो आणि मुंबई समोरून बघतो. गेटवे हा समुद्रातूनच बघायचा. त्याचं तोंड पाण्याकडे आहे, जमिनीवरून तुम्ही त्याची पाठ बघता आणि पाठीशी उभं राहून फोटो काढता. कमान आधी बोटाएवढी दिसते, मग ताजचा घुमट वर येतो, मग कबुतरं आणि माणसं वेगवेगळी दिसायला लागतात. मौज म्हणजे डिसेंबर १९११ ला ज्या राजासाठी ही कमान, तो उतरला तेव्हा ती नव्हतीच. बांधून झाली १९२४ ला. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये गोऱ्यांची शेवटची पलटण तिच्यातूनच बाहेर पडली. चोवीस वर्षांत पाहुण्यांना निरोपही देऊन झाला.

पावसाळ्यात मात्र लाँच बंद असतात. मग रो-रो, आणि ती भाऊच्या धक्क्याला लागते, गेटवेला नाही.

आणखी एक जागा, जी कोणी सांगणार नाही. काळा घोडाच्या मागल्या गल्लीत निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८८४ चं. आमच्याकडे इस्राएल आळी आहे, लहानपणी तिथल्या ज्यू मंडळींना शेजारी 'शनवार तेली' म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून. हे सिनेगॉग त्यांचं नव्हे, बगदादहून आलेल्या ससून घराण्याचं, पण आत पाऊल टाकलं आणि अलिबागच्या आमच्या शेजारणीची आठवण आली. रंगीत काचांतून उजेड फरशीवर पडलेला असतो. ओळखपत्र जवळ ठेवा.

दापोली

सोमवारी घारापुरीला जाऊ नका. लेणी बंद असतात. मी बायको, दोन पोरं आणि सासरे घेऊन सोमवारीच गेटवेवर पोचलो होतो. पुढचं विचारू नका.

देवगड

मी आंबा बागायतदारीण. क्रॉफर्ड मार्केटला गेले ती दुसऱ्याच कामाला, पडद्यांचं कापड घ्यायला. सीएसएमटीपासून चालत दहा मिनिटं. इमारत १८६९ ची. दारावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची चित्रं आहेत, ती लॉकवुड किपलिंगने केलेली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा तो. वर बघत उभी होते तेवढ्यात एक फळवाला हाक मारायला लागला, 'ताई, देवगड आहे, अस्सल.' म्हटलं ओळखायचा कसा? त्याने मला दहा मिनिटं शिकवलं. साल पातळ हवी, देठाशी खळगा हवा, वास कापायच्या आधी यायला हवा. सगळं बरोबर सांगितलं हो! मी मान डोलावत राहिले. मग डझनाचा भाव सांगितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'एवढ्यात आम्ही अख्खी पेटी देतो.' तो हसला, मीही हसले. आंबा न घेता निघाले, पण त्याने एक फोड कापून हातावर ठेवलीच. आंबा आमच्याच तालुक्यातला होता. झाडाला फवारणी जरा जास्त झाली होती.

तुमच्या आईंना चालवत असेल तर मंडईच्या गाभ्यातच हिंडा, बाहेरच्या गल्ल्यांत गर्दी अंगावर येते.

चिपळूण

मी वाचनालयात काम करते. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा आमची पुस्तकं पाण्यात गेली. चिखल झालेली पुस्तकं ओळखायची आणि कुठली टाकायची ते ठरवायचं, हे काम मी पंधरा दिवस केलं. त्यानंतर दोन वर्षांनी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात गेले. सोसायटी १८०४ ची, टाऊन हॉलची इमारत १८३३ ला उघडली. समोर तीस पायऱ्या, वर जाडजूड खांब. सगळे पायऱ्यांवर बसून फोटो काढतात आणि आत जात नाहीत. दान्तेच्या काव्याचं एक जुनं हस्तलिखित या संस्थेकडे आहे, ते काही मला कोणी दाखवलं नाही आणि मी मागितलंही नाही. मी फक्त वाचनकक्षात बसले. आमच्या गावात पाणी आलं तेव्हा वरच्या फळीवरचं वाचलं होतं. इथे प्रत्येक कपाटापाशी माझी नजर आधी खालच्या फळीवर जात होती.

बाहेर आल्यावर समोर हॉर्निमन सर्कलची बाग आहे. बाकं, सावली. गुडघे दुखणाऱ्यांनी तीस पायऱ्या न चढता इथूनच बघावं, तेही पुरतं.

सावंतवाडी

आमचो आजो गिरगावात खानावळीत जेवून गिरणीत कामाक जाय. तो म्हणायचो, 'मुंबय म्हणजे बोरीबंदर नि भाऊचो धक्को, बाकी सगळा मागसून इला.' पण एका जाग्यार तो चपला काढी. फ्लोरा फाउंटनाकडे. ती रोमन देवी १८६४ पासून थंय उभी आसा, पण आज्याचो नमस्कार तिका नाय, बाजूच्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्याक. २१ नोव्हेंबर १९५५ क पोलिसांनी गोळ्यो चालवल्यो तेव्हा तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात होतो. त्या दिवसाचा पुढे कधी काय बोलूक नाय.

आता थंयच मेट्रोचा स्टेशन झालासा, हुतात्मा चौक नावाचा. सरकत्या जिन्यान वर येवचा, की म्होरंच स्मारक. काकींच्या गुडघ्यांक बरा पडात.

कणकवली (धागा काढणारा)

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, राजापूरकरांचे जरा जास्त, कारण ओव्हलवर बाबा दीड तास बसले आणि कुठल्याशा अनोळखी पोराला 'बॅट सरळ ठेव' म्हणून ओरडले. म्युझियमला आईने नकार दिला. काळा घोडा बघून म्हणाली, 'स्वार कुठाय?' पुतळ्यातला राजा १९६५ ला राणीच्या बागेत गेला आणि २०१७ ला नुसता घोडा बसवला, हे सांगितल्यावर तिचं समाधान झालं नाही.

मग अचानक म्हणाली, 'मोठं पोस्ट कुठे आहे रे?' बाबा लग्नानंतर अकरा वर्षं मुंबईला नोकरीला होते आणि दर महिन्याला मनीऑर्डर यायची. पोस्टमन अंगणात उभा राहून हाक मारायचा, मी आईच्या पदराला धरून ते बघितलंय. जीपीओ तर स्टेशनाला लागूनच. विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर जॉन बेगने बांधलेलं, १९१३ चं. त्या घुमटाखाली आई उभी राहिली, वर बघत. आम्हाला वाटलं, झालं. तर ही थेट खिडकीवर गेली आणि मनीऑर्डर कुठे घेता म्हणून विचारलं. आत्याच्या नावाने दोनशे रुपये. बाबा म्हणाले, 'अगं, उद्या आपण घरी पोचतोय.' आई म्हणाली, 'मी नेहमी घेतच आले. पाठवली कधी नाही.'

पैसे पोचले त्या दिवशी आत्याचा फोन आला. 'वयनी, गाडी चुकली काय गो तुमची? अजून मुंबयतच आसात?'