मदत हवी आहे: सुट्या छऱ्यांचा जुना स्केटबोर्ड, उजवी चाकं आवळतात आणि डावी सैल होतात

उतार

नमस्कार मंडळी. सॅन दिएगोजवळच्या एका गराज सेलमधला जुना स्केटबोर्ड चालता करायचा आहे. एका ठिकाणी गाडं अडलंय.

डेक (उभं राहायची फळी) फायबरग्लासचा, २७ इंच लांब, साडेसहा इंच रुंद, शेपटीला अगदी किंचित उचल. नाव, स्टिकर काही नाही. ट्रकवर (डेकखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या जोडणीवर) 'शिकागो' असं ओतीव अक्षरात आहे. चाकं पिवळसर युरेथेन प्लास्टिकची आहेत, पण त्यात सीलबंद बेअरिंग नाही. चाकाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी वाटी, तिच्यात सुटे छर्रे आणि ॲक्सलच्या आट्यांवर फिरणारा कोन (छऱ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट). शेवटी नट.

उघडलं तेव्हा काही वाट्यांत ८ छर्रे होते, काहींत ७. व्हर्नियरवर बहुतेक ६.३ मिमी भरले. रॉकेलने धुतले, नवं लिथियम ग्रीस भरलं, होते तेच छर्रे परत बसवले. कोन हाताने आवळून थोडा मागे घेतला. चारही चाकं हातावर छान फिरतात.

सपाट फुटपाथवर नेलं की दीड-दोनशे मीटरमध्ये उजवीकडची दोन्ही चाकं जड होतात आणि डावीकडची लटपटायला लागतात. एकदा पुढचं उजवं चाक जागच्या जागी अडकलं. आधीच्या कुणीतरी मूळ नट काढून चारही ठिकाणी आत नायलॉनचं कडं असलेले नट लावले आहेत.

प्रश्न तीन. हे एकाच बाजूला का होतं? छर्रे कुठले घ्यावेत? आणि मूळ चाकं जपून ठेवायची झाली, तर या ट्रकवर आजची ६०८ बेअरिंगची चाकं बसतील का?

वाटीकोन, सांगली

हा स्केटबोर्डचा नाही, सायकलच्या हबचा आजार आहे. रचना तीच, म्हणून कारणही तेच.

बोर्डावर पुढे तोंड करून उभे आहात असं धरा. पुढे जाताना उजवं चाक उजवीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. छऱ्यांची ओढ कोनाला त्याच दिशेने नेते, आणि साधे आटे त्या दिशेने आवळतात. डावीकडून पाहिलं तर चाक उलटं फिरतं, म्हणून तिथला कोन उघडतो. छर्रे गुळगुळीत असले तर ही ओढ नगण्य असते. गंज, खड्डे, लहानमोठे छर्रे असले की ती वाढते. उजवीकडे आणखी वाईट होतं: कोन आवळला की ओढ वाढते, ओढ वाढली की कोन आणखी आवळतो, आणि चाक अडकतं. म्हणून हे दुरुस्त होईपर्यंत बोर्डवर उभे राहू नका. चाक थांबलं तरी माणूस थांबत नाही.

खात्री करायची तर बोर्ड उलट दिशेने हाताने ढकलत न्या. आता डावी चाकं आवळली, तर निदान पक्कं.

कोन जागेवर धरण्याचं काम नटाचं. नायलॉनचा नट जाड असतो. जुन्या ॲक्सलचे आटे त्याच्या नायलॉनपर्यंत पोहोचतच नसतील, तर तो नुसता लोंबतोय. बाहेरून बघा: नटाच्या तोंडातून निदान एक आटा बाहेर दिसायला हवा. दिसत नसेल तर तो काढा आणि पातळ लॉकनट लावा. जुना नट दुकानात घेऊन जा, आटे जुळवूनच घ्या. जवळपासचा चालेल म्हणून जबरदस्तीने फिरवला तर ॲक्सलचेच आटे जातील.

छर्रे ६.३ मिमी म्हणजे पाव इंचाचे, ६.३५. सायकलच्या मागच्या हबचे हेच, त्यामुळे तिकडच्या सायकल दुकानातही सहज मिळतील. पुढच्या हबचे ४.७६ मिमी असतात, ते घेऊ नका. वाटीत छर्रे गोल लावल्यावर शेवटी अर्ध्या छऱ्याएवढी फट उरली पाहिजे. आठ बसत असतील तर सगळीकडे आठच घाला. चार चाकं, आठ वाट्या, म्हणजे ६४. हरवतातच, तेव्हा शंभर घ्या, ग्रेड २५ चे (म्हणजे अगदी अचूक गोल) मिळाले तर उत्तम. जुने आणि नवे एका वाटीत मिसळू नका. झिजलेला छर्रा बारीक होतो आणि सगळा भार नव्यांवर येतो.

भरायची पद्धत: चाकाची आतली वाटी वर ठेवा, ग्रीसचा पातळ थर द्या, चिमट्याने छर्रे लावा, वरून ॲक्सल खाली सोडा. चाक हँगरकडे (ट्रकच्या ॲक्सल धरणाऱ्या भागाकडे) दाबून धरत सगळं उलटं करा. मग बाहेरची वाटी भरा आणि कोन फिरवा. खेळ संपेपर्यंत हाताने आवळा, एक अष्टमांश फेरा मागे घ्या, कोन पातळ पान्याने धरून दुसऱ्या पान्याने लॉकनट कसा. नट कसताना कोन थोडा आत सरकतो, म्हणून खेळ पुन्हा तपासा. एका फटक्यात जमत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

हे करण्याआधी कोनावरून नख फिरवा. नख खड्ड्यात अडलं तर तो कोन बाद. खड्डेवाल्या कोनावर नवे छर्रे घालणं म्हणजे पैसे वाया.

जुना फुटपाथ

वरचं सगळं पटलं. चाकांबद्दल माझी भर.

युरेथेन आणि सुटे छर्रे ही जोडी फार थोडा काळ टिकली. फ्रँक नॅसवर्दीची युरेथेनची कॅडिलॅक चाकं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, त्याआधी रस्त्यावर मातीच्या मिश्रणाची आणि लोखंडाची चाकं होती. १९७५ मध्ये रोड रायडर या ब्रँडने सीलबंद बेअरिंगचं चाक आणलं आणि सुटे छर्रे मागे पडले. तुमची चाकं मूळची असतील तर बोर्ड त्या दोन-तीन वर्षांतला असण्याची शक्यता मोठी. म्हणून ती फेकू नका, छर्रे-कोनांसकट डब्यात ठेवा.

चालवण्याआधी नखाने चाकाची कड दाबा. कण सुटले किंवा पृष्ठभाग चिकट लागला तर युरेथेन आतून मेलंय, ते फक्त दाखवायचं. चाक रॉकेलमध्ये बुडवू नका, पेट्रोल आणि थिनर तर लांबच ठेवा. वाटी कापडाने पुसा, चाक साबणाच्या पाण्याने.

६०८ बद्दल घाई नको. शिकागो ही रोलरस्केटची कंपनी, हे ट्रक त्याच घरचे. रोलरस्केटचे ॲक्सल ८ मिमीचेही असतात आणि ७ मिमीचेही. ६०८ चं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. ॲक्सल ७ मिमी निघाला तर ६०८ त्यावर हलेल. तेव्हा ६२७ घ्या: भोक ७, बाकी मापं तीच, त्यामुळे आजच्या कोणत्याही चाकात बसतं. दोन बेअरिंगच्या मध्ये त्या ॲक्सलच्या मापाचा स्पेसर (अंतर राखणारी छोटी नळी) घाला, नाहीतर नट कसला की बेअरिंगवर बाजूने दाब येतो.

ट्रकमधले रबरी बुश बहुतेक दगड झाले असतील. स्केटबोर्डचे आजचे बुश मोठे पडतात, रोलरस्केटचे कुशन मागवा. उंची, आतला आणि बाहेरचा व्यास मोजूनच.

उतार

मनापासून आभार. उलट ढकलून पाहिलं, डावी चाकं आवळली. चारपैकी तीन नटांतून आटा बाहेर दिसत नाही. ॲक्सल ७ मिमीच निघाला. दोन कोनांवर खड्डे आहेत. ते वाळूच्या कागदाने घासून चालतील का? आणि हा बोर्ड स्केटपार्कमध्ये नेता येईल?

वाटीकोन, सांगली

नाही. कोन वरून कडक केलेला असतो. तो थर घासला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि लवकर खचतं. जुन्या रोलरस्केटची एखादी मोडकी जोडी शोधा, त्यातून कोन, लॉकनट आणि वायसर एकदम मिळतील.

जुना फुटपाथ

पार्कमध्ये नको. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादचा स्केटपार्क १९७६ मध्ये उघडला, हा बोर्ड बहुधा त्याच्याही आधीचा आहे. रुंदी कमी, ट्रक अरुंद, डेक सपाट. पार्कातल्या बाऊलच्या (वाडग्यासारख्या खोलगट भागाच्या) वळणात तो पायाखालून निसटेल. गुळगुळीत, जवळपास सपाट डांबर ही त्याची जागा. त्यावर उड्या मारू नका.

फायबरग्लासचं एक राहिलंय. ट्रकच्या बोल्टभोवती नाण्याने टकटक करत फिरा. आवाज खणखणीत असेल तर ठीक. कुठे बद्द वाजला तर आत थर सुटलाय, तिथे वजन देऊ नका. भोकांभोवती केसासारख्या रेघा असतील तर नटाखाली रुंद वायसर आणि ट्रकखाली पातळ रबरी पॅड घाला. घासायची वेळ आली तर पाणी लावून आणि मास्क घालूनच घासा, ती काचेची धूळ फुप्फुसात जायला नको. ६२७ मागवताना आठ मागवा, प्रत्येक चाकाला दोन लागतात.